एसक्यूएल फाइल चालवताना: संकेतस्थळाचा प्रोग्राम, डेटाबेस आणि अर्ध्यावर थांबलेले काम

एखादे सार्वजनिक ग्रंथालय आपली सभासदनोंद, पुस्तकांची यादी आणि देवघेवीचा हिशेब संकेतस्थळावर आणते. वर्ष-दोन वर्षांनी त्या संकेतस्थळाची नवी आवृत्ती येते. वर्गणीच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा असतो, दोन जुने तक्ते एकत्र करायचे असतात, काही नोंदी दुरुस्त करायच्या असतात. अशा वेळी शे-दोनशे आज्ञा एका फाइलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या जातात आणि संकेतस्थळाच्या सर्व्हरवरील प्रोग्रामने ती फाइल चालवावी, अशी योजना असते. काम वरवर दोन ओळींचे वाटते: फाइल वाचायची आणि डेटाबेसकडे पाठवायची.

अडचण येते ती मध्येच काही चुकले तर. दोनशेपैकी एकशे विसावी आज्ञा अडली, तर आधीच्या एकशे एकोणीस अमलात आलेल्या असतात आणि उरलेल्या आलेल्या नसतात. जुना आराखडा शिल्लक राहत नाही, नवा पूर्ण होत नाही. मुळीच न चाललेल्या फाइलपेक्षा अर्धवट चाललेली फाइल अधिक नुकसान करते. म्हणून फाइल चालवावी कशी, याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, ती कुठपर्यंत चालली हे कळावे कसे आणि थांबली तर पूर्वस्थितीवर यावे कसे.

फाइलमध्ये असते काय?

एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने १९७० साली माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा ‘रिलेशनल’ सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्यावर आधारित प्रश्नभाषा डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडली. तिचे मूळ नाव ‘सीक्वेल’ होते. ते नाव व्यापारचिन्ह म्हणून दुसऱ्याकडे असल्याने पुढे ‘एसक्यूएल’ झाले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने या भाषेला प्रमाणरूप दिले. प्रमाण एक असले तरी मायएसक्यूएल, पोस्टग्रेएसक्यूएल, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट यांच्या बोली वेगवेगळ्या आहेत. एकासाठी लिहिलेली फाइल दुसऱ्यावर जशीच्या तशी चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

एसक्यूएल स्क्रिप्ट ही साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात तक्ते निर्माण करणाऱ्या, बदलणाऱ्या, नोंदी भरणाऱ्या आज्ञा असतात आणि प्रत्येक आज्ञेच्या शेवटी अर्धविराम असतो. याखेरीज टिपा असतात आणि काही वेळा अशाही ओळी असतात, ज्या एसक्यूएल भाषेच्या नसतातच. या शेवटच्या प्रकाराने नवख्यांची सर्वाधिक फसगत होते.

मायएसक्यूएलच्या फाइलमध्ये आढळणारी ‘डिलिमिटर’ ही ओळ घ्या. ती डेटाबेस सर्व्हरला कळत नाही. टर्मिनलवर वापरल्या जाणाऱ्या ‘मायएसक्यूएल’ या क्लायंट प्रोग्रामला ती सूचना असते की, आज्ञेचा शेवट आता अर्धविरामाऐवजी दुसऱ्या चिन्हाने ओळखावा. एसक्यूएल सर्व्हरच्या फाइलमधील ‘गो’ हा शब्दही तसाच आहे. तो त्या कंपनीची साधने ओळखतात, सर्व्हर ओळखत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलच्या ‘पीएसक्यूएल’ या क्लायंटच्या उलट्या तिरक्या रेषेने सुरू होणाऱ्या आज्ञांचेही तेच. टर्मिनलवर बिनबोभाट चाललेली फाइल संकेतस्थळाच्या प्रोग्राममधून पाठवताच व्याकरणदोष दाखवते, याचे कारण बहुधा हेच असते. मधला दुभाष्या निघून गेलेला असतो आणि त्याच्यासाठीची वाक्ये थेट सर्व्हरच्या कानी पडतात.

अर्धविरामावर तोडणे धोक्याचे

अनेकांना सुचणारा पहिला उपाय असा: फाइल वाचावी, अर्धविराम दिसेल तेथे तोडावी आणि एकेक तुकडा पाठवावा. लहान, स्वतः लिहिलेल्या फाइलसाठी हे निभावते. परंतु अर्धविराम केवळ आज्ञेच्या शेवटीच येतो असे नाही. पुस्तकाच्या परिचयात, सभासदाच्या पत्त्यात किंवा एखाद्या टिपेतही तो असू शकतो. ट्रिगर आणि स्टोअर्ड प्रोसीजर यांच्या पोटात तर अनेक आज्ञा असतात व प्रत्येकीपुढे अर्धविराम असतो. आंधळेपणाने तोडल्यास त्यांचे निरर्थक तुकडे होतात. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये अशी अंतर्गत रचना दोन डॉलर-चिन्हांच्या जोड्यांमध्ये बंदिस्त असते, हेही तोडणाऱ्या प्रोग्रामला ठाऊक असावे लागते.

टिपा गाळून टाकणेही तितकेसे निर्धोक नाही. मायएसक्यूएलच्या ‘मायएसक्यूएलडम्प’ या साधनाने काढलेल्या प्रतीत काही आज्ञा टिपेच्या वेषात असतात. टिपेच्या आरंभचिन्हाला लागून उद्गारचिन्ह आणि त्यापुढे ४०१०१ असा आकडा असेल, तर त्याचा अर्थ ‘४.१.१ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीने ही ओळ अमलात आणावी’ असा होतो. अक्षरसंच ठरवणे, तक्त्यांमधील परस्परसंबंधांची तपासणी तात्पुरती थांबवणे ही महत्त्वाची कामे याच ओळी करतात. टिपा समजून त्या वगळल्या, तर पुढच्या आज्ञा भलत्याच ठिकाणी अडतात आणि दोष कोठे आहे हे लवकर उमगत नाही.

दोन वाटा

व्यवहारात दोन मार्ग रूढ आहेत. पहिला मार्ग असा की, संकेतस्थळाच्या प्रोग्रामने स्वतः फाइल न उलगडता डेटाबेसचा अधिकृत क्लायंट प्रोग्राम सुरू करावा आणि फाइल त्याच्या हाती द्यावी. मोठ्या फाइलसाठी हा मार्ग चांगला. डिलिमिटरसारख्या ओळी तो समजतो आणि सगळी फाइल एकदम स्मृतीत घेत नाही. मात्र स्वस्त सामायिक होस्टिंगवर बाहेरचा प्रोग्राम सुरू करण्याची मुभा बहुधा नसते. परवलीचा शब्द आज्ञेच्या ओळीतच लिहिला, तर त्याच सर्व्हरवरील इतरांना प्रक्रियांच्या यादीत तो दिसण्याचा संभव असतो. तो वेगळ्या, मर्यादित परवानगीच्या फाइलमध्ये ठेवणे इष्ट.

दोन क्लायंटांच्या स्वभावातील एक फरकही लक्षात ठेवावा लागतो. ‘मायएसक्यूएल’ हा क्लायंट फाइल चालवताना पहिल्या चुकीपाशी थांबतो. ‘पीएसक्यूएल’ मात्र वेगळे सांगितले नसेल तर चूक छापून पुढची आज्ञा हाती घेतो. त्याला ‘ऑन एरर स्टॉप’ हा पर्याय द्यावा लागतो, तसेच सारी फाइल एकाच व्यवहारात चालवण्याचा पर्यायही उपलब्ध आहे. हे दोन्ही न देता चालवलेली फाइल शेवटपर्यंत पोहोचलेली दिसते, पण मधल्या किती आज्ञा गळल्या हे छापलेला मजकूर वाचल्याशिवाय कळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे प्रोग्रामिंग भाषेतील जोडणीतूनच अनेक आज्ञा एकत्र पाठवणे. पीएचपीच्या ‘मायएसक्यूएलआय’ या विस्तारात त्यासाठी ‘मल्टी क्वेरी’ ही सोय आहे. तिचा वापर करताना एक बारकावा हमखास सुटतो. ती जे यश किंवा अपयश कळवते ते केवळ पहिल्या आज्ञेचे असते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि पुढच्या आज्ञांचे काय झाले हे जाणण्यासाठी प्रत्येक निकाल क्रमाने मागून घ्यावा लागतो. तो मागितला नाही, तर पहिली आज्ञा यशस्वी झाली एवढ्यावरून ‘काम फत्ते’ असा संदेश पडद्यावर येतो आणि प्रत्यक्षात पाचवीच आज्ञा कोलमडलेली असते. शिवाय निकाल न उचलता त्याच जोडणीवर नवी आज्ञा पाठवली, तर आज्ञांचा क्रम बिघडल्याची तक्रार येते.

पायथनच्या एसक्यूलाइट ग्रंथालिकेत ‘एक्झिक्यूट स्क्रिप्ट’ नावाची सोय आहे. सुरू असलेला व्यवहार ती फाइल चालवण्यापूर्वी पक्का करून टाकते. त्यामुळे आधी केलेले बदल मागे घेण्याची वाट बंद होते. नोडमधील मायएसक्यूएल जोडणी आणि जावामधील मायएसक्यूएल जोडणी यांनी एका फटक्यात अनेक आज्ञा पाठवण्याची सोय मुळात बंदच ठेवली आहे. ती मुद्दाम सुरू करावी लागते. या बंदीमागे सुरक्षिततेचे कारण आहे, त्याचा विचार पुढे येईल.

सगळे किंवा काहीच नाही

डेटाबेसमध्ये ‘व्यवहार’ म्हणजे ट्रान्झॅक्शन ही संकल्पना नेमक्या या अडचणीसाठी आहे. व्यवहारातील सर्व आज्ञा एकत्र पक्क्या होतात, नाहीतर एकही होत नाही. साहजिकच संपूर्ण फाइल एका व्यवहारात गुंडाळावी, हा विचार योग्य वाटतो. पण येथे डेटाबेस कोणता, यावर सर्व काही अवलंबून आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये तक्ता निर्माण करणे, रकाना वाढवणे, तक्ता पुसणे या आज्ञाही व्यवहारात बसतात आणि मागे घेता येतात. नवा डेटाबेस निर्माण करण्यासारख्या थोड्या आज्ञा तेवढ्या अपवाद आहेत. एसक्यूलाइटमध्येही तक्त्यांच्या रचनेतील बदल मागे घेता येतात. मायएसक्यूएल आणि ओरॅकल यांची रीत वेगळी आहे. तेथे तक्त्याची रचना बदलणारी आज्ञा आली की, तोवरचा व्यवहार आपोआप पक्का होतो. प्रोग्रामने आरंभी ‘व्यवहार सुरू’ असे लिहिले आणि शेवटी चूक झाल्यावर ‘मागे घ्या’ असे म्हटले, तरी मधल्या रचनाबदलापर्यंतचे सर्व काही कायम झालेले असते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपण सुरक्षित आहोत असे वाटत राहते, ती सुरक्षितता मात्र नसते.

म्हणून मायएसक्यूएलवर काम करताना मोठी फाइल छोट्या पायऱ्यांत विभागणे हिताचे. रचनेचे बदल वेगळे, नोंदींचे बदल वेगळे ठेवावेत. नोंदी भरण्याच्या व दुरुस्त करण्याच्या आज्ञा व्यवहारात घालता येतात. रचनाबदलाची प्रत्येक पायरी मात्र एकटी अमलात यावी आणि तिची नोंद लगेच व्हावी.

तीच फाइल दुसऱ्यांदा चालली तर?

अर्ध्यावर थांबलेली फाइल दुरुस्त करून पुन्हा चालवावीच लागते. तेव्हा आधी अमलात आलेल्या आज्ञा ‘हा तक्ता आधीच आहे’ म्हणून अडतात, किंवा त्याहून वाईट, त्याच नोंदी दुसऱ्यांदा भरतात. ‘नसेल तरच तक्ता निर्माण करा’ अशी आज्ञा लिहिता येते. नोंद आधीच असल्यास ती बदला किंवा सोडून द्या, असेही सांगता येते. परंतु ‘नसेल तरच’ ही अट केवळ नाव पाहते. त्या नावाचा जुन्या रचनेचा तक्ता अस्तित्वात असेल, तर आज्ञा मुकाट्याने पुढे जाते आणि नवा रकाना तयार होतच नाही.

याहून भक्कम पद्धत म्हणजे अमलात आलेल्या फाइलींची नोंदवही डेटाबेसमध्येच ठेवणे. प्रत्येक बदलाची स्वतंत्र, क्रमांकित फाइल असते. ती यशस्वी झाली की तिचा क्रमांक एका खास तक्त्यात लिहिला जातो. पुढच्या वेळी प्रोग्राम तो तक्ता पाहतो आणि न चाललेल्या फाइलीच क्रमाने हाती घेतो. या पद्धतीला ‘मायग्रेशन’ म्हणतात. लाराव्हेल, जँगो, रेल्स या चौकटींत ती अंगभूत आहे. ‘फ्लायवे’ हे साधन थेट एसक्यूएल फाइलींवर काम करते आणि प्रत्येक फाइलीच्या मजकुराची संख्यात्मक खूणही जपून ठेवते. अमलात आलेली जुनी फाइल कोणी नंतर गुपचूप बदलली, तर खूण जुळत नाही आणि पडताळणीत ती बाब उघड होते. चाललेल्या फाइलीला हात लावू नये, दुरुस्तीसाठी नवी फाइल लिहावी, हा या पद्धतीचा मूळ नियम आहे.

एकाच वेळी दोघांनी फाइल सुरू करण्याचा संभवही असतो. पृष्ठ उघडताच बदल अमलात येतील, अशी रचना असेल आणि त्याच क्षणी दोन वाचक आले, तर दोन प्रती समांतर धावतात. मायएसक्यूएलमध्ये नाव देऊन घेता येणारे कुलूप आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘अॅडव्हायझरी लॉक’ यांसाठी उपयोगी पडतात. पहिल्याने कुलूप लावले की दुसऱ्याने थांबायचे.

वेळेची मर्यादा

पीएचपीमध्ये एका पृष्ठाला मुळात ३० सेकंदांची मर्यादा असते. लिनक्सवर डेटाबेसची वाट पाहण्यात गेलेला वेळ तीत धरला जात नाही, पण समोरचा वेब सर्व्हर आपले वेगळे घड्याळ पाहत असतो. इंजिनएक्समध्ये मागील प्रोग्रामच्या उत्तराची वाट पाहण्याची मूळ मुदत ६० सेकंदांची आहे. ती संपली की ब्राउझरमध्ये चूक दिसते, आणि मागे डेटाबेस मात्र काम करतच असू शकतो. चूक पाहून माणूस पृष्ठ पुन्हा उघडतो आणि तीच फाइल दुसऱ्यांदा सुरू होते. म्हणून मोठी फाइल ब्राउझरच्या विनंतीतून चालवू नये. संकेतस्थळाने फक्त मागणी नोंदवावी आणि पार्श्वभूमीतील वेगळ्या प्रक्रियेने ती पूर्ण करावी. टर्मिनलवरून चालणाऱ्या पीएचपीला वेळेची ही मर्यादा मुळात नसते.

देवनागरी मजकुराची काळजी

मराठी नोंदी असलेल्या फाइलमध्ये आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो अक्षरसंचाचा. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘पणजी’ या शब्दात तीन अक्षरे व एक वेलांटी मिळून चार चिन्हे आहेत, म्हणजे बारा बाइट होतात. फाइल यूटीएफ-८ मध्ये, तक्ताही यूटीएफ-८ मध्ये, पण दोहोंमधली जोडणी ‘लॅटिन-१’ म्हणून घोषित झालेली असेल, तर डेटाबेस प्रत्येक बाइटला वेगळे युरोपीय अक्षर समजतो आणि नावांऐवजी अगम्य चिन्हांची रांग साठवतो. तक्ताच लॅटिन-१ असेल आणि जोडणी योग्य असेल, तर त्यात न मावणाऱ्या देवनागरी चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले जाण्याचा धोका असतो. पहिल्या प्रकारातील मजकूर परिश्रमाने परत मिळवता येतो. प्रश्नचिन्हे झालेली नावे मूळ प्रतीशिवाय परत येत नाहीत.

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाचा जुना अक्षरसंच तीन बाइटांपर्यंतच जातो. देवनागरी त्यात मावते, भावचिन्हे मावत नाहीत. त्यासाठी ‘यूटीएफ-८-एमबी-४’ आहे आणि ८.० या आवृत्तीपासून तोच मूळ पर्याय झाला. प्रोग्रामने जोडणी करतानाच हा संच स्पष्ट सांगावा. काही संपादक प्रोग्राम फाइलच्या आरंभी बाइटक्रम दर्शवणारे अदृश्य चिन्हही घालतात. प्रोग्रामने ते तसेच पाठवले तर पहिल्याच आज्ञेत व्याकरणदोष निघतो, आणि पडद्यावर ती आज्ञा मात्र अगदी बरोबर दिसते.

कोणाची फाइल, कोणाचे अधिकार

वाचकाने भरलेला मजकूर एसक्यूएल आज्ञेत मिसळून तिचा अर्थच बदलण्याच्या हल्ल्याचे जाहीर वर्णन जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात केले. एका फटक्यात अनेक आज्ञा पाठवण्याची सोय सुरू असेल, तर हल्लेखोराला मूळ आज्ञेपुढे अर्धविराम टाकून स्वतःची संपूर्ण नवी आज्ञा जोडता येते. वर उल्लेखिलेल्या जोडण्यांत ही सोय बंद असते ती यासाठी. फाइल चालवण्याकरिता ती हवीच असेल, तर तेवढ्या कामापुरती वेगळी जोडणी उघडावी आणि काम होताच बंद करावी. रोजच्या पृष्ठांची जोडणी तशीच मर्यादित ठेवावी.

डेटाबेसचे खातेही वेगळे असावे. रोजच्या वापराच्या खात्याला नोंदी वाचण्याचे व लिहिण्याचे अधिकार पुरतात. तक्ते पुसण्याचा अधिकार फक्त बदल करणाऱ्या खात्याला असावा. कोणती फाइल चालवायची हे ब्राउझरकडून आलेल्या नावावर कधीही ठरू नये. ती नावे प्रोग्राममध्ये निश्चित असावीत. एसक्यूएल फाइल संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवणे ही तर सर्रास होणारी चूक आहे. पत्ता ओळखणाऱ्या कोणालाही सभासदांची नावे व दूरध्वनी क्रमांक असलेली संपूर्ण प्रत उतरवून घेता येते. जुमलासारख्या प्रणाली स्थापनेनंतर ‘इन्स्टॉलेशन’ हे फोल्डर काढून टाकायला लावतात. घरी लिहिलेल्या प्रोग्रामनेही तोच दंडक पाळावा.

आधी प्रत, आणि प्रतीची पारख

फाइल चालवण्यापूर्वी डेटाबेसची प्रत घ्यावी, हा सल्ला सर्वजण देतात. ती प्रत खरोखर उघडते का, हे फार थोडे जण पाहतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळावर एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची माहिती पुसली गेली. तेव्हा ध्यानात आले की, रोज घेतली जाणारी डम्प प्रत तयारच होत नव्हती. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल ९.६ होता आणि प्रत काढणारे साधन ९.२ या आवृत्तीचे चालत होते, त्यामुळे ते प्रत्येक वेळी चूक दाखवून थांबत होते. चुकीची सूचना देणारे ई-पत्रही वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वीची दुसरी एक प्रत हाती लागली. तरीही त्या सहा तासांतील जवळपास ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवी खाती यांची माहिती गेली. कंपनीने हा सारा वृत्तान्त स्वतःहून जाहीर केला. चूक घडण्यापेक्षा ती कोणाला न कळणे किती महागात पडते, याचा तो दाखला आहे.

प्रत परत भरतानाही सावध असावे. मायएसक्यूएलडम्पच्या फाइलमध्ये प्रत्येक तक्ता निर्माण करण्याआधी त्याच नावाचा जुना तक्ता पुसण्याची आज्ञा मुळातच घातलेली असते. चाचणीसाठी काढलेली महिनाभरापूर्वीची प्रत चुकून चालू डेटाबेसवर चालवली, तर महिनाभराच्या नोंदी नाहीशा होतात, आणि प्रोग्रामच्या दृष्टीने सगळे काही यथास्थित पार पडलेले असते.

ग्रंथालयाच्या उदाहरणाकडे परत वळले, तर क्रम असा लागतो. प्रत घ्यावी आणि ती दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून पाहावी. बदलांची फाइल प्रथम त्याच प्रतीवर चालवावी. सभासदांची संख्या आधी व नंतर मोजावी, चार मराठी नावे डोळ्यांनी वाचावीत. मग मुख्य डेटाबेसवर, वर्दळ नसलेल्या वेळी, एकेक क्रमांकित फाइल चालवावी. प्रत्येक आज्ञेचा निकाल तपासावा, पहिल्या चुकीपाशी थांबावे आणि कुठे थांबलो ते लिहून ठेवावे. यात एखादा तास जास्त जातो. मात्र दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या खिडकीशी आलेल्या सभासदाचे नाव यादीत सापडते, आणि त्याच्या नावावरील पुस्तकेही.